पहिल्या नंबरचा पोरगा थेट मोठ्या मैदानात का उतरत नाही? बेसबॉलच्या इनफिल्डरची मेजर लीगपर्यंतची वाट

एप्रिल २०२५मध्ये वैभव सूर्यवंशी वयाच्या चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला आणि त्याच महिन्यात त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. बेसबॉलमध्ये असं जवळजवळ घडतच नाही. जुलै २०२२मध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावच्या शाळेतून बाहेर पडलेला, अठरा वर्षांचा जॅक्सन हॉलिडे त्या वर्षीच्या सगळ्या नव्या खेळाडूंमधून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने त्याला नुसत्या सहीचे ८१ लाख ९० हजार डॉलर दिले. वडील मॅट हॉलिडे यांनी स्वतः मेजर लीग (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) गाजवलेली, म्हणजे खेळ घरातलाच. तरीही त्याचा पहिला मोठा सामना उजाडला १० एप्रिल २०२४ला. आणि मग दहा सामन्यांत ३४ प्रयत्नांपैकी फक्त दोन फटके यशस्वी झाले, अठरा वेळा तो स्ट्राइकआउट (तीन चेंडू वाया घालवून बाद) झाला आणि महिना संपायच्या आत त्याला खालच्या लीगमध्ये परत पाठवण्यात आलं.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे कोडं वाटतं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८साठी क्रिकेटसोबत बेसबॉल-सॉफ्टबॉललाही मंजुरी मिळाली, त्यामुळे हा खेळ आपल्याकडच्या चर्चेत आता अधूनमधून येत राहणार. इनफिल्डर मेजर लीगपर्यंत कसा पोचतो आणि त्याला इतका वेळ का लागतो, ते एकदा नीट समजून घेऊ. कारणं दोन आहेत. एक मैदानातलं, दुसरं हिशेबाच्या वहीतलं. दोन्ही सारखीच खरी आहेत आणि बातम्या वाचताना त्यांचीच गल्लत होते.

इनफिल्डर म्हणजे नेमका कोण?

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उघडतं. पंख्याच्या मुठीपाशी फलंदाज. तिथून पुढे ९० फुटांचा, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर बाजूचा चौकोन, आणि त्याच्या कोपऱ्यांवर बेस. या चौकोनाभोवती उभे राहणारे चार क्षेत्ररक्षक म्हणजे इनफिल्डर. फर्स्ट बेस, सेकंड बेस आणि थर्ड बेस सांभाळणारे तिघे, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडारात उभा राहणारा चौथा, तो शॉर्टस्टॉप.

फलंदाजाने सरपटी फटका मारला की तो बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळत सुटतो. तो पोचायच्या आत चेंडू तिथे पोचला तर तो बाद. उजव्या हाताने खेळणाऱ्या सर्वसाधारण मेजर लीग फलंदाजाला हे अंतर कापायला साधारण ४.३ सेकंद लागतात. फार चपळ असेल तर चारच्याही आत.

आता शॉर्टस्टॉपच्या बाजूने बघा. चेंडू त्याच्यापर्यंत यायला दीड ते दोन सेकंद जातात. तिथून पहिल्या बेसपर्यंतची फेक ३५ मीटरच्या पुढची, तिला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. मधे जो सेकंदभर उरतो, त्यात चेंडू ग्लोव्हमधून काढायचा, बोटं शिवणीवर बसवायची, पाय वळवायचे आणि फेकायचं. चेंडू एकदा हातातून निसटला की धावपटू पोचलाच. क्रिकेटमध्ये पॉइंटवरच्या खेळाडूने चेंडू अडवला तरी काम फत्ते मानतात. इथे नुसतं अडवण्याला किंमत नाही.

म्हणून प्रशिक्षण बारीकसारीक गोष्टींवर चालतं. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू फलंदाजापाशी पोचतो त्या क्षणी एक छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर तोल साधायचा. ग्लोव्ह आधीच जमिनीला टेकवायचा, कारण हात खालून वर पटकन येतो, वरून खाली जायला उशीर होतो आणि चेंडू पायांतून निघून जातो. टप्पा निवडायचा: एकतर चेंडू उडताक्षणी पकडायचा, नाहीतर पूर्ण वर आल्यावर. मधला, अर्धवट उठलेला टप्पा सगळ्यात वाईट, आणि पाय जागेवर राहिले की नेमका तोच वाट्याला येतो. ग्लोव्हसुद्धा जागेप्रमाणे बदलतो. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसला साडेअकरा इंचांच्या आसपासचा, उथळ खिशाचा, म्हणजे चेंडू बोटांना लगेच सापडतो. थर्ड बेसवर चेंडू सणसणत येतो म्हणून तिथे जरा मोठा, बारा इंचांपर्यंतचा.

पालकांनी आधीच लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट. डाव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस या तीन जागा व्यवहारात बंदच असतात. पहिल्या बेसकडे फेकायला त्याला आधी अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि तेवढा वेळच नसतो. डावखुरी फलंदाजी मात्र चालते. हॉलिडे डाव्या हाताने फलंदाजी करतो आणि फेकतो उजव्याने.

सगळेच शॉर्टस्टॉप का असतात?

निवड झालेल्या मुलांची यादी वाचली तर शॉर्टस्टॉपची रांगच दिसते. शाळेच्या संघात सगळ्यात चपळ आणि सगळ्यात दमदार हाताच्या मुलाला प्रशिक्षक तिथेच उभा करतो. शिवाय शॉर्टस्टॉपला दुसऱ्या जागी हलवणं सोपं, दुसऱ्याला शॉर्टस्टॉप बनवणं फार अवघड. जो मूळ तबला शिकलाय तो ढोलकीवर हात बसवतो, उलट प्रवास कठीण, तसंच काहीसं.

पण मेजर लीगमध्ये संघ ३०, म्हणजे शॉर्टस्टॉपच्या पक्क्या जागाही ३०च. साऱ्या जगात. त्यामुळे वर जाताना मुलं बाजूला सरकत जातात. हात दमदार पण पाय जड असेल तर थर्ड बेस. पाय हलके पण हात बेताचा असेल तर सेकंड बेस. हॉलिडेचंही हेच झालं. ओरिओल्सकडे शॉर्टस्टॉपला गनर हेंडरसन होता, २०२३चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. म्हणून हॉलिडे आला तो सेकंड बेसवर, जिथे पहिल्या बेसकडची फेक छोटी असते, पण दुहेरी बळी (एकाच फटक्यावर दोघे बाद) घेताना धावपटू अंगावर येत असताना वळून फेकावं लागतं. २०२३पासून दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन इनफिल्डर असलेच पाहिजेत असा नियम आला. आधी संगणकाच्या अंदाजाने तिघांना एका बाजूला उभं करून सेकंड बेसवाल्याची मंद पावलं झाकता येत होती. आता ती उघडी पडतात.

आत शिरायची दारं किती?

दोन, आणि कुठल्या दारातून जायचं ते मुलगा कुठे शिकतो त्यावर ठरतं.

अमेरिका, कॅनडा किंवा पोर्तो रिकोमध्ये शिकणाऱ्यांसाठी दरवर्षी जुलैत ड्राफ्ट होतो. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम. २०२१पासून त्याच्या २० फेऱ्या होतात, म्हणजे सहाशेच्या वर मुलं. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. ज्याने निवडलं त्याच्याशीच बोलणी. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाची एक ठरलेली किंमत असते, त्यांची बेरीज म्हणजे संघाची थैली, आणि थैली ओलांडली तर दंड. हॉलिडेच्या क्रमांकाची किंमत ८८ लाख डॉलरच्या पुढे होती. तो ८१ लाख ९० हजारांवर राजी झाला आणि वाचलेला पैसा ओरिओल्सना खालच्या फेऱ्यांतल्या मुलांसाठी मोकळा झाला.

शाळा संपताच सही करावी की कॉलेजला जावं, हा इथला खरा पेच. चार वर्षांच्या कॉलेजात पाऊल ठेवलं की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत पुन्हा निवड होत नाही. पण कॉलेजातून आलेला मुलगा पिकून येतो. डॅन्स्बी स्वान्सन व्हँडरबिल्ट विद्यापीठातून २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि ऑगस्ट २०१६मध्ये अटलांटाकडून मेजर लीगमध्ये शॉर्टस्टॉपला उभा होता. जेमतेम चौदा महिने.

दुसरं दार बाकी जगासाठी. डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला अशा देशांतली मुलं सोळाव्या वर्षी थेट सही करू शकतात. दरवर्षी १५ जानेवारीला ही खिडकी उघडते. डोमिनिकनमध्ये तीसही संघांच्या अकादम्या आहेत. या वाटेवरचा अंधारही सांगायला हवा. तिथली पोरं बारा-तेराव्या वर्षी शाळा सोडून 'बुस्कोन' म्हणवणाऱ्या खाजगी प्रशिक्षकांकडे राहायला जातात, आणि सहीच्या रकमेतला मोठा वाटा त्या प्रशिक्षकाकडे जातो. ज्यांची सही होत नाही त्यांच्या हाती ना खेळ उरतो ना शाळा. मेजर लीगने यावर आजवर केलेले उपाय अपुरे आहेत.

सहीची रक्कम म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे. तिसऱ्या बेसचा होसे रामिरेझ क्लीव्हलँडला ५० हजार डॉलरमध्ये मिळाला. साडेपाच फुटांच्या होसे अल्तुवेला ह्यूस्टनच्या लोकांनी व्हेनेझुएलातल्या चाचणीत उंची बघून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि १५ हजारांवर त्याची सही झाली. २०१७मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. उंचीवरून मुलांना घालवणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावं.

मायनर लीगच्या पायऱ्या

मेजर लीगच्या प्रत्येक संघाखाली मायनर लीगचे चार संघ असतात. खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्यांच्याही खाली अॅरिझोना, फ्लोरिडा आणि डोमिनिकनमध्ये अगदी नवख्यांच्या लीग. मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने, सोमवारी सुट्टी किंवा बसचा प्रवास, असं एप्रिल ते सप्टेंबर चालतं. रणजीसारखे मोसमाला मोजके सामने नव्हेत, इथे एका मोसमात १३०च्या वर होतात.

हॉलिडेने २०२३च्या एकाच वर्षात या चारही पायऱ्या चढल्या. डेलमार्वा, अॅबरडीन, बोवी आणि नॉरफोक. एवढा वेग विरळाच. शाळेतून आलेल्या, बऱ्यापैकी गुणी मुलाला यालाच चार-पाच वर्षं लागतात आणि बहुतेक जण मधेच गळतात. एका संघाला अमेरिकेत जास्तीत जास्त १६५ मायनर खेळाडू ठेवता येतात, तर वरच्या संघात जागा २६. गळतीचा अंदाज यावरून यावा.

ग्लोव्ह लवकर पिकतो, बॅट उशिरा

उशीर होतो तो मुख्यतः फलंदाजीत. सरपटी चेंडू अडवणं एकट्याने, भिंतीवर चेंडू मारूनही घोटता येतं. दिवसाला दोनशे चेंडू घेता येतात. चांगल्या पिचरचा चेंडू मात्र चांगल्या पिचरकडूनच मिळतो, आणि तो भेटतो वरच्या पायरीवर.

पहिला धक्का बॅटचा. शाळा-कॉलेजात धातूची बॅट असते. चेंडू मुठीजवळ लागला तरी ती त्याला पुढे ढकलते. व्यावसायिक खेळात लाकडाचीच सक्ती. तोच फटका इथे मारला की बॅट फुटते आणि चेंडू पिचरच्या पायाशी घुटमळतो.

दुसरा धक्का वेगाचा. शाळेत ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारा चेंडू खेळलेला मुलगा मेजर लीगमध्ये सरासरी १५० किलोमीटरच्या वेगाला सामोरा जातो. चेंडू हातातून सुटल्यापासून पोचेपर्यंत सुमारे ०.४ सेकंद. मारायचं की सोडायचं हे त्याच्या अर्ध्या वेळात ठरवावं लागतं.

पण नुसता वेग सिंगल-एमध्येही भेटतो. खरी चाळणी डबल-एला लागते. तिथल्या पिचरला दिशा साधलेली असते, वळणारा आणि मंदावणारा चेंडू तो हवा तिथे टाकतो, आणि गेल्या खेपेला तुम्ही कशावर चुकलात हे त्याच्या लक्षात असतं. मेजर लीगमध्ये हेच काम अख्खी विश्लेषकांची फौज करते. नवा मुलगा आला की आठवडाभरात त्याची दुखरी जागा सगळ्यांना ठाऊक होते. हॉलिडेचे ते अठरा स्ट्राइकआउट असे समजून घ्यावेत. ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांतली पायरी कागदावर एकच आहे, प्रत्यक्षात ती खालच्या सगळ्या पायऱ्यांहून उंच आहे.

क्षेत्ररक्षणातही एक गोष्ट बिघडू शकते, आणि ती हाडामांसाची नसते. अनुभवी इनफिल्डरला अचानक साधी फेक जमेनाशी होते. या अवस्थेला खेळाडू 'यिप्स' म्हणतात. न्यूयॉर्क यांकीजचा चक नॉब्लॉक हा गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवलेला सेकंड बेसमन, पण पहिल्या बेसकडची छोटीशी फेक भलतीकडे जाऊ लागली आणि २००१मध्ये त्याला डाव्या बाजूला दूर आउटफिल्डमध्ये हलवावं लागलं. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागलो तर पाय अडखळतो, तसंच हे. म्हणून चांगले प्रशिक्षक मोसम चालू असताना मुलाच्या फेकण्याच्या पद्धतीला उगाच हात लावत नाहीत.

४०, २६ आणि तीन 'ऑप्शन'

आता हिशेबाची वही. प्रत्येक संघाची ४० जणांची एक यादी असते आणि त्यातले २६ जण प्रत्यक्ष मेजर लीगमध्ये खेळतात. उरलेले मायनरमध्ये, बोलावण्याची वाट बघत. यादीतल्या खेळाडूला खाली पाठवण्याच्या सवलतीला 'ऑप्शन' म्हणतात. अशी तीन वर्षं मिळतात, आणि एका वर्षात पाचपेक्षा जास्त वेळा वर-खाली करता येत नाही. तीन वर्षं संपली की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांना तो घेण्याची संधी द्यावी लागते.

मग संघाने गुणी मुलं वर्षानुवर्षं खालीच अडवून ठेवली तर? त्यासाठी 'रूल फाइव्ह ड्राफ्ट' आहे. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी सही केलेला मुलगा पाच मोसमांनंतरही चाळीसच्या यादीत नसेल, तर दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर मोजून उचलू शकतो. अट एकच, पुढचं पूर्ण वर्ष त्याला मेजर लीगच्या संघातच ठेवायचं. नाहीतर अर्ध्या किमतीत जुन्या संघाला परत देऊ करायचं.

तयार असूनही खाली का ठेवतात?

आपल्याकडे कारखान्यात बदली कामगाराचे २४० दिवस भरत आले की त्याला ब्रेक देतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं लगेच कळेल.

मेजर लीगच्या संघात असलेला प्रत्येक दिवस मोजला जातो. त्याला 'सर्व्हिस टाइम' म्हणतात. १७२ दिवस भरले की एक वर्ष. साधारण तीन वर्षं होईपर्यंत पगार जवळजवळ संघाच्या मर्जीवर. नंतरची तीन वर्षं लवाद: खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा, आणि लवादाने त्यातला एकच उचलायचा, मधला नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, बाजारभावाने कुठेही जायला.

मोसम १८०हून काही दिवस जास्त चालतो. मुलाला पहिले दोन आठवडे खाली ठेवलं की १७२ भरत नाहीत आणि तो संघाला अख्खं एक वर्ष जास्त मिळतो. २०१५मध्ये शिकागो कब्जचा तिसऱ्या बेसचा क्रिस ब्रायंट सराव सामन्यांत नऊ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारूनही खाली पाठवला गेला. क्षेत्ररक्षण सुधारायचं आहे असं कारण सांगितलं गेलं. १७ एप्रिलला तो वर आला आणि वर्षअखेर त्याचे भरले १७१ दिवस. एक कमी. त्याने दाद मागितली, २०२०मध्ये लवादाने ती फेटाळली, आणि त्याला २०२१चा मोसम संपेपर्यंत थांबावं लागलं.

'नियमात बसतं, मग चूक काय?' असा आक्षेप येतो. नियमात बसतंच. पण खेळाडूच्या उमेदीची वर्षं थोडी असतात आणि त्यातलं एक कागदी युक्तीने काढून घेणं अन्यायाचंच आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारात यावर थोडा उतारा आला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला दिवस कमी असले तरी पूर्ण वर्ष मिळतं. आणि नावाजलेल्या नवोदिताला सुरुवातीपासून संघात ठेवलं आणि तो हा किताब जिंकला, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. हेंडरसनमुळे ओरिओल्सना २०२४मध्ये ती मिळाली आणि तिच्यावर त्यांनी पुन्हा एक शॉर्टस्टॉपच घेतला.

पण पैसा तर रग्गड असतो ना?

वरच्या फेऱ्यांत निवडलेल्यांना, हो. बाकीच्यांना नाही. २०२३मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंसाठी संघटनेने केलेल्या पहिल्या करारानंतर ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला आणि सिंगल-एचा २६,२००. त्याआधी तर सिंगल-ए, डबल-एच्या पोरांना हिवाळ्यात दुसरी नोकरी धरल्याशिवाय भागत नसे. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७ लाख २० हजार डॉलर होता. म्हणजे ट्रिपल-एचा वर्षाचा पगार वर नऊ-दहा दिवसांत मिळतो. तीन दिवसांसाठी वर बोलावलेला मुलगाही विमानात का मोहरून जातो, ते यावरून कळावं.

आपल्या मुलांना ही वाट आहे का?

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला ड्राफ्टचंच दार लागू होतं. तिथल्या शाळेत तो शिकतो, एवढं पुरतं. भारतात वाढणाऱ्याला दुसरं दार.

त्या दारातून भारतीय आत गेलेही आहेत. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. दोघेही पिचर होते, आणि हा योगायोग नव्हता. हाताचा वेग यंत्राने दहा मिनिटांत मोजता येतो, म्हणून पिचर शोधायला चाचणी भरवता येते. इनफिल्डर असा सापडत नाही. त्याच्या पायांना टप्पा ओळखता यायला आठ-नऊ वर्षांच्या वयापासून सपाट, बारीक मातीच्या इनफिल्डवर हजारो सरपटी चेंडू घ्यावे लागतात, आणि तशी मैदानं आपल्याकडे फारच थोडी. चांगला स्लिपचा क्षेत्ररक्षक हात घेऊन येतो, नजर घेऊन येतो. गोल बॅट आणि ०.४ सेकंद मात्र त्याला पहिल्यापासून शिकावे लागतात.

हॉलिडे नॉरफोकमध्ये तीन महिने राहिला, पुन्हा रोज शेकडो चेंडू मारले, आणि ३१ जुलै २०२४ला परत आला. त्या दिवशी तिन्ही बेसवर त्याच्या संघाचे धावपटू उभे असताना त्याने मेजर लीगमधली पहिली होमरन मारली. चेंडू उजवीकडच्या भिंतीवरून मैदानाबाहेरच्या युटॉ स्ट्रीटवर जाऊन पडला.